ओतोने न मारलेली हाक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि मिनासे स्टुडिओचे संचालक माननीय इनुईसान, व्यासपीठावर बसलेले सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण इथे जमलो आहोत ते आपल्या सर्वांचे कुराहाशी सेन्सेई, पहिल्या रांगेत बसलेल्या कुराहाशीबाई, माझे आजीमाजी सहकारी, आणि ज्यांनी आमचे चित्रपट पाहत आपली मुलं वाढवली ते सगळे रसिकजन, तुम्हा सर्वांना माझा नम्र नमस्कार.

मी हानाओका तोमोए. छत्तीस वर्षं मी या स्टुडिओत मधली चित्रं तपासते. पाहुण्यांना हे काम माहीत असायचं कारण नाही, म्हणून सांगते. मोठे चित्रकार हालचालीची पहिली आणि शेवटची अवस्था काढतात. पापणी उघडी, पापणी मिटलेली. त्या दोन चित्रांच्या मधली चित्रं आमची नवी पोरं काढतात, आणि ती नीट जुळतात की नाही हे मी पाहते. काम नीट झालं की ते कुणाच्या लक्षातही येत नाही. तेव्हा आज मला माइकसमोर उभं करण्यात आयोजकांची काहीतरी गफलत झाली असावी.

इनुईसान मला म्हणाले, "हानाओकासान, तुम्ही सेन्सेईंसोबत सगळ्यात जास्त काळ काढलात. सात मिनिटं बोला, मनापासून बोला." मनापासून बोलायचं तर सात मिनिटं पुरतील का, हे मी त्यांना विचारलं नाही. आता त्यांच्या लक्षात येईलच.

सेन्सेईंच्या गुणांबद्दल माझ्याआधीच्या वक्त्यांनी सांगितलंच आहे. पहाटे सर्वांच्या आधी येणं, जेवणाचा डबा टेबलावरच खाणं, पावसाचा एक थेंब काढण्यासाठी आठवडाभर खिडकीत बसणं. हे सगळं खरं आहे. मी त्यात भर घालत नाही. मी फक्त एका चित्रपटाबद्दल, आणि त्यातल्याही फक्त अकरा सेकंदांबद्दल बोलणार आहे.

'ओतो पुलाकडे जाते' हा चित्रपट न पाहिलेला माणूस या सभागृहात नसेल. ओतो ही डोंगरावरच्या देवळातली बारा वर्षांची चिमुकली देवता. देवतांच्या मुलांचा नियम असा, की बारावं सरलं की आईचं देऊळ सोडायचं, खाली उतरायचं, आणि जिथे कुणी देव नाही असा एखादा पूल शोधून तिथल्या येणाऱ्याजाणाऱ्यांना सांभाळायचं. ओतोला पूल मिळतो, पण गावात तिच्यावर कुणाचा विश्वास नाही. ती नूडल्सच्या दुकानात भांडी घासते, आजारी पडते, एका म्हाताऱ्या नावाड्याशी भांडते, आणि शेवटी तो पूल तिचा होतो. कुणी खलनायक नाही, मारामारी नाही. जगातला सगळ्यात मऊ चित्रपट, असं त्याच्याबद्दल लिहिलं गेलं. मला वाटतं ते बरोबर आहे.

पण लोकांना आठवतो तो सुरुवातीचा शॉट. ओतो गाठोडं घेऊन देवळाच्या पायऱ्या उतरते. कमानीपलीकडे आईने यायचं नाही असा नियम. तेराव्या पायरीवर ओतो वळते. वर आई पाठमोरी उभी, पानं झाडते आहे. ओतो हाक मारायला तोंड उघडते. मग ते तोंड मिटतं. ती गाठोडं खांद्यावर सारखं करते आणि उतरू लागते. अकरा सेकंद. एकशे बत्तीस चित्रं.

तुम्हाला दिलेल्या स्मरणिकेचं नववं पान बघा. तिथे सेन्सेईंची मुलाखत आहे. त्यात म्हटलंय, "हा शॉट मी स्वतः काढला. पंधराव्या वर्षी घर सोडताना मागे वळून पाहिलेली माझी आई मला आठवत होती."

तो शॉट सेन्सेईंनी काढला नाही. मुख्य चित्रंही त्यांची नाहीत, मधलीही नाहीत. एकशे बत्तीसच्या एकशे बत्तीस चित्रं वीस वर्षांच्या एका मुलीने काढली. तिचं खरं नाव मी सांगणार नाही, तसा शब्द दिला आहे. आपण तिला कोझुए म्हणू. तिचं गावही मी सांगत नाही. उत्तरेकडचं, बर्फाचं, सफरचंदांच्या बागांचं एक गाव, एवढं पुरे.

कोझुए आमच्याकडे मधली चित्रं काढायला आली. दोन वर्षांनी एका दुपारी सेन्सेई तिच्या मागे उभे राहिले आणि तिने कागदाच्या कोपऱ्यात काढलेला एक लहान मुलीचा चेहरा बघत राहिले. मग म्हणाले, "ओतोचा तेराव्या पायरीचा शॉट तू काढ. सगळा." आम्ही सगळे चकित झालो. विसाव्या वर्षी असा शॉट कुणाच्याच वाट्याला आला नव्हता. कोझुए इतकी खाली वाकली की तिचे केस टेबलावर आले.

त्यानंतर चार महिने सेन्सेई रोज सकाळी तिची चित्रं चाळायचे आणि टोपलीत टाकायचे. "हिला भूक लागलीय, हिला हाक मारायची नाहीये." टोपली. "ही अनाथ दिसते. हिची कुणी वाट बघत नाही. तुझी कुणी वाट बघतं की नाही घरी?" कोझुए म्हणाली, "बघते, आई." "मग ती कागदावर का येत नाही?" टोपली. संपूर्ण खोलीसमोर. मी पलीकडच्याच टेबलावर बसायचे. मी त्या वेळी मान खाली घालून पेन्सिलीला टोक करायचे. त्या हिवाळ्यात मी खूप पेन्सिली संपवल्या.

जानेवारीत कोझुएने रजा मागितली. आई आजारी होती, इस्पितळात होती. सेन्सेई म्हणाले, "शॉट पुरा कर आणि जा. महिनाभर राहा मग." ती थांबली. आणि खरं सांगायचं तर त्यानंतर चित्रं सुधारली. फेब्रुवारीच्या मध्यावर पहिल्यांदा सेन्सेईंनी चित्रं चाळली आणि टोपलीत टाकली नाहीत. "हे राहू दे," म्हणाले. "असंच पुढे."

फेब्रुवारीतल्या शेवटच्या गुरुवारी, सकाळी दहाच्या सुमाराला ऑफिसातला फोन वाजला. मी शेजारून जात होते म्हणून मी उचलला. कोझुएचा थोरला भाऊ होता. खेड्यातला माणूस, फोनवर मोठ्याने बोलणारा.

"माझी बहीण आहे ना तिथं? तिला सांगा, आई सारखं तिचं नाव घेतीये. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस, फार तर तीन. आज रात्रीच्या गाडीला बसवून द्या तिला. स्टेशनवर मी येतो."

मी निरोप चिठ्ठीवर लिहून घेतला. कोझुए माझ्यापासून वीस पावलांवर बसली होती. मी तिच्याकडे जायला निघाले होते. हे मी आज अगदी प्रामाणिकपणे सांगते, मी निघाले होते. पण वाटेत सेन्सेईंची खोली होती, आणि या स्टुडिओत सेन्सेईंना विचारल्याशिवाय खिडकीसुद्धा उघडत नसत. मी आत गेले. सेन्सेई संत्रं सोलत होते. मी चिठ्ठी वाचून दाखवली.

त्यांनी विचारलं, "तिची किती चित्रं राहिलीत?"

"अठ्ठेचाळीस."

"मग शनिवारपर्यंत होतील. शनिवारी सांगा."

"सेन्सेई, तिची आई..."

"ऐकलं मी. हानाओका, आज ही गेली तर परत कोणता चेहरा घेऊन येईल? आत्ता तिला घरची ओढ आहे. परत येईल तेव्हा दुःख असेल. दुःख काय, कुणीही काढतं." त्यांनी संत्र्याच्या दोन फोडी माझ्या हातावर ठेवल्या. "खा. गोड आहे."

मी ती खाल्ली. चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि माझ्या टेबलाशी येऊन बसले.

अध्यक्षांकडून आत्ता मला एक चिठ्ठी आली आहे. वेळ संपला असं त्यात लिहिलं आहे. इनुईसान, मिळाली, वाचली. चिठ्ठी मिळाल्याबरोबर वाचून मोकळं व्हावं, हे मी फार उशिरा शिकले. मला अजून थोडा वेळ लागेल. माइक बंद करायचा असेल तर करा, माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो.

शुक्रवारी भावाचा पुन्हा फोन आला. या वेळी तो मोठ्याने बोलत नव्हता.

"गाडीला कुणी आलं नाही. निरोप दिला का तुम्ही?"

मी म्हणाले, "दिला हो, लगेच दिला. थोडं काम उरलंय, ते आटोपून निघतेच आहे ती. तुम्ही काळजी करू नका. आईंना सांगा, लेक येतेय."

हे मला सेन्सेईंनी सांगितलं नव्हतं. हे माझं स्वतःचं. तो म्हणाला, "फार उपकार झाले बाई. आईला सांगतो." आणि त्याने सांगितलं. दाराकडे तोंड करून तिला झोपवलं होतं, असं मला पुढे कळलं.

दुपारी कोझुए चहाच्या खोलीत मला भेटली. चेहरा ओढलेला, बोटं काळी. म्हणाली, "हानाओकासान, तोंड मिटण्याची चौदा चित्रं राहिलीत. ती झाली की मी घरी जाणार. आईला सांगणार, टोकियोत मी काय केलं ते. तिला चित्रपटातलं काही कळत नाही, पण ती सगळ्या गावाला सांगेल." मी तिच्या कपात चहा ओतला. माझा दुसरा हात खिशात होता.

शनिवारी दुपारी बाराच्या पुढे फोन आला तो आई गेल्याचा. मी तो निरोपही आत नेऊन दिला. हे मी सेन्सेईंच्या बाजूने सांगते, त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग विचारलं, "झाली का तिची?"

"सहा राहिलीत."

"होऊ देत."

चार वाजता कोझुए एकशे बत्तीस कागदांचा गठ्ठा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. सेन्सेईंनी तो अंगठ्याखालून सोडला, एकदा, दोनदा, तीनदा. ओतो वळली, तिने तोंड उघडलं, मिटलं. सेन्सेई म्हणाले, "आलं." बास, एवढंच. छत्तीस वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून दुसऱ्यांदा ऐकलेला नाही. कोझुए हसली. मी तिला त्या आधी किंवा त्यानंतर तशी हसताना पाहिलं नाही. सेन्सेईंनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. आता सांगा, असा त्याचा अर्थ.

मी तिला बाजूला नेलं. म्हटलं, "घरून फोन आला होता. आई गेल्या."

तिने विचारलं, "कधी आला फोन?"

"आत्ताच," मी म्हणाले.

आठवड्याने ती परत आली. गावाहून येणारा माणूस ऑफिससाठी खाऊ आणतो, तसा सफरचंदाच्या वड्यांचा डबा घेऊन आली. प्रत्येकाच्या टेबलावर तिने एकेक वडी ठेवली. सेन्सेईंपुढे ठेवून, वाकून म्हणाली, "आपला खोळंबा झाला, क्षमा असावी." मग माझ्या टेबलाशी आली. वडी ठेवली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा शांत आवाजात म्हणाली, "हानाओकासान, दादा सांगत होता, तुम्ही फोनवर फार मायेने बोललात. दोन्ही वेळा."

खोलीतल्या पेन्सिली थांबल्या. त्या दिवशी तिथे असलेले चौघेजण आज मागच्या रांगेत बसले आहेत. त्यांना आठवत असेल. सेन्सेई खोलीच्या दारात होते. ते म्हणाले, "चला, कामाला लागा." आणि आम्ही लागलो. तीसुद्धा लागली. इतर शॉटमधली तिच्या वाट्याची उरलेली सगळी चित्रं तिने मार्चअखेर पुरी केली, एकही उशिरा दिलं नाही, आणि एकतीस तारखेला पेन्सिली माझ्या टेबलावर ठेवून निघून गेली. तिचा निरोप समारंभ झाला नाही. हार नव्हता, स्मरणिका नव्हती. जिन्यापर्यंतसुद्धा कुणी गेलं नाही.

चित्रपटाच्या शेवटी येणारी नावांची यादी मी तयार केली होती. त्यात तिचं नाव होतं. सेन्सेई म्हणाले, "अर्ध्यात सोडून जाणाऱ्याचं नाव कशाला?" अर्ध्यात तिने काहीच सोडलं नव्हतं. तरी पेन्सिल माझ्याच हातात होती आणि रेघ मीच मारली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. थिएटरबाहेर रांगा लागल्या. पत्रं आली, पोती भरून. एका आईने लिहिलं होतं, मुलगी नोकरीसाठी ओसाकाला निघाली आहे, आम्ही दोघींनी तुमचा चित्रपट पाहिला आणि घरी येईपर्यंत एकमेकींचा हात सोडला नाही. ती पत्रं सेन्सेईंना मी वाचून दाखवायचे. ते डोळे पुसायचे. ते अश्रू खोटे होते असं मी म्हणणार नाही. तसं असतं तर आज माझं काम सोपं झालं असतं.

गेल्या शरदात या चित्रपटाची नवी स्वच्छ प्रत करायचं ठरलं. शेवटची यादी पुन्हा लिहायची होती आणि ते काम माझ्याकडेच आलं. मला वाटलं, आता तरी. एकोणतीस वर्षांनी मी कोझुएचं गाव शोधून तिच्या दारात उभी राहिले. तिने मला ओळखलं. आत बोलावलं, कोतात्सूच्या बुटक्या टेबलाशी, पांघरुणाच्या उबेत बसवलं, चहा दिला, मुळ्याचं लोणचं पुढे केलं. ती आता भावाच्या बागेची सफरचंदं निवडते. एकोणपन्नास वर्षांची आहे. पेन्सिल धरली नाही, म्हणाली, त्यानंतर.

मी यादीचं, सेन्सेईंच्या निरोप समारंभाचं सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, "त्या गुरुवारी चिठ्ठी त्यांनी वाचली, की तुम्ही वाचून दाखवलीत?"

"मी."

"मग ते काय म्हणाले? पहिलं वाक्य."

"किती चित्रं राहिलीत, असं विचारलं."

"आणि तुम्हाला आकडा पाठ होता."

"हो."

तिने मान हलवली. तेवढ्यात दार सरकलं आणि तिची मुलगी आत आली. अठरा वर्षांची, गाल थंडीने लाल. मी मिनासे स्टुडिओतून आलेय म्हटल्यावर ती बॅगसुद्धा खाली ठेवायची विसरली. "आई, तू कधी बोलली नाहीस, तुझ्या ओळखीचं कुणी तिथे आहे म्हणून. काकू, ओतोचा चित्रपट मी किती वेळा पाहिलाय, मोजता येणार नाही. पुढच्या महिन्यात मी नर्सिंग शिकायला बाहेर जातेय. तो पायरीवरचा शॉट आठवला की मला एकदम धीर येतो. तो कुणी काढला हो?"

मी कोझुएकडे पाहिलं. ती लोणच्याची ताटली सारखी करत होती. म्हणाली, "सांगा ना तिला. कुणी काढला?"

तिला माझ्याकडून काय हवं होतं ते तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं.

मी म्हणाले, "कुराहाशी सेन्सेईंनी."

"वाटलंच मला," मुलगी म्हणाली. "ते आपल्या आईवर फार प्रेम करत असणार."

मला बसथांब्यापर्यंत सोडायला कोझुए आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फ होतं. ती म्हणाली, "नाव घालू नका. ती नाव वाचेल, मग वर्ष मोजेल, आजी कधी गेली ते तिला माहीत आहे. तिला तो शॉट लागतोय, तिच्याजवळ राहू दे. मला तो बघवत नाही. त्या तोंडाची एकेक रेघ मी काढत होते, आणि तिकडे आई मला हाक मारत होती. आणि मी मन लावून काढत होते, हानाओकासान. चांगलं येत होतं म्हणून मला आनंद होत होता."

मी म्हणाले, "कोझुए, मला तुझी..."

"नको," ती म्हणाली. "माफी मागू नका. मग मला काहीतरी बोलावं लागेल."

बस येईपर्यंत आम्ही उभ्या होतो. तिने विचारलं, सेन्सेईंच्या निरोपाला बोलणार आहात का. मी म्हटलं, हो, चार चांगले शब्द बोलावे लागतील. ती म्हणाली, "चांगले शब्द तुम्हाला जमतात. एकदा खरं बोलून बघा. माझं नाव न घेता."

म्हणून मी आज बोलले. यादीत तिचं नाव नाही. नवी प्रत तुम्ही आत्ता थोड्या वेळात पाहाल, तेव्हा शोधू नका.

शेवटचं सांगून खाली बसते. गावाहून परतल्यावर मी सेन्सेईंच्या घरी गेले. ते ओट्यावर उन्हात बसले होते, गुडघ्यांवर शाल. मी त्यांना सगळं सांगितलं. ती कुठे आहे, काय करते, मुलगी काय म्हणाली. मला वाटलं होतं ते विसरले असतील. विसरले नव्हते. तिचं नाव त्यांनी आडनावासकट घेतलं, मला आठवण करून द्यावी लागली नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग मला विचारलं, "पण हानाओका, शॉट बरोबर आला ना?"

मी ठरवून गेले होते की या माणसाला आज काहीतरी तोडून बोलायचं. एकोणतीस वर्षं साठवलेलं. पण त्यांनी मला चित्राबद्दल विचारलं होतं, आणि माझा जन्म चित्रं तपासण्यात गेला.

मी म्हणाले, "हो, सेन्सेई. बरोबर आला. त्यात एक रेघ इकडची तिकडे करता येणार नाही."

ते म्हणाले, "मग झालं." आणि आम्ही दोघांनी चहा घेतला.

सेन्सेई, आपण मला काम शिकवलंत, छत्तीस वर्षं भाकरी दिलीत, त्याबद्दल मी आपली ऋणी आहे. हे मी मनापासून म्हणते. आपणास दीर्घायुष्य लाभो, आणि आजचं हे भाषण आपल्याला शेवटपर्यंत आठवत राहो.

अध्यक्षांनी वेळ वाढवून दिला नसतानाही मी तो घेतला, व्यवस्थापकांनी माइक चालू ठेवला, आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. कुराहाशीबाईंना आज माझ्यामुळे त्रास झाला, त्यांनी मोठ्या मनाने मला समजून घ्यावं. बोलण्यात कुणाच्या मानपानात काही उणं राहिलं असेल, कुणाचं नाव अनवधानाने गळलं असेल, तर पोटात घालावं. जे नाव मी जाणूनबुजून गाळलं, त्याबद्दल मात्र मला कुणी क्षमा करू नये अशी माझी विनंती आहे.

नमस्कार.